दंतकथा आणि पितृऋण

बदलीच्या हुकमावर ज्यांचे बिऱ्हाड हलते, त्या आपल्यासारख्या परप्रांतस्थ नोकरदारांना आपल्या मूळ पुरुषाविषयी विशेष कुतूहल असते. आपल्याआधीही घराण्यातले कोणी तरी असेच गाव सोडून इतक्या लांब आले होते, या विचाराने परमुलखातले एकटेपण थोडे हलके होते. निवृत्तीनंतर आपल्यापैकी पुष्कळजण वंशावळी जुळवीत बसतात ते बहुधा यामुळेच. मीही त्यांतलाच एक. परंतु या निरुपद्रवी दिसणाऱ्या छंदात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो माझ्यापुढे उभा राहिला तेव्हा मला टाळता आला नाही.

१७२९ मध्ये पहिल्या बाजीरावाने छत्रसालाला साहाय्य केले आणि पुढे बुंदेलखंडाचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले, यांनी सागरास ठाणे बसविले. अशा माणसांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक उत्तरेत गेले. पानिपतच्या मोहिमेत, डिसेंबर १७६० मध्ये, गोविंदपंत मारले गेले. पण ही कुटुंबे तेथेच रुजली. अशा बहुतेक घरांत मूळ पुरुषाची एखादी कहाणी सांगितली जाते. कोणाचा पूर्वज पानिपतावर पडलेला असतो, कोणाला स्वप्नात कुलदैवताने वाट दाखविलेली असते.

आमच्या घरची कहाणी अशी : देशावर आमचे कुलकर्णी वतन होते. थोरल्या भावाने ते कपटाने गिळले. धाकटा, म्हणजे आमचा मूळ पुरुष, एक तांब्या व एक काठी घेऊन निघाला, आणि ‘माझ्या वंशाने या गावचे पाणी पिऊ नये’ अशी शपथ घालून सागरास पोहोचला. ती शपथ आम्ही पिढ्यानुपिढ्या पाळली. गावावरून आगगाडी गेली तरी आमचे वडील खिडकीबाहेर पाहत नसत.

आमच्या जुन्या पेटीत तांबड्या फडक्यात बांधलेला कागदांचा एक रुमाल होता. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नव्हते, म्हणून तो दसऱ्याला पूजेपुरता बाहेर निघे. निवृत्तीनंतर मी तो एका जाणकाराकडून वाचून घेतला. त्यांत एक फारखत निघाली. आमच्या मूळ पुरुषाने आपल्या हिश्श्याचे रोख द्रव्य भरून पावल्याचे तीत लिहिले होते, वाटखर्च निराळा घेतला होता, आणि वृद्ध आईचा सांभाळ थोरल्याने करावा असे ठरले होते. खाली साक्षी होत्या व त्याची स्वतःची सही होती. तांब्या-काठीचा तो प्रवास थोरल्या भावाच्या पैशावर झाला होता!

कोणी म्हणेल, कागदही खोटे असतात. खरे आहे. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद कमी झाले नाहीत, आणि धाकट्याकडून सही दडपणाने घेतली नसेलच असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तरी समकालीन पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांना एकाच तागडीत घालू नये, हे राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडातच बजावले होते. शिवाय मला बोचले ते वेगळेच. जुन्या गोतसभासुद्धा निवाड्याआधी दोन्ही पक्षांच्या तकरिरी घेत. मी नोकरीत असताना दुसऱ्या बाजूचे म्हणणे मिसलीत नसेल तर कागद परत पाठवीत असे. आणि माझ्याच घरात इतक्या पिढ्या एक एकतर्फी निकाल अंमलात होता!

मग दंतकथा टाकूनच द्याव्यात काय? मला तसे वाटत नाही. पूर्वजाला कहाणीत दोन हात उंच केले तर कोणाचे काही जात नाही. तो एक प्रेमाचा अपराध आहे. पण त्याला उंच करण्यासाठी दुसऱ्या कोणाला खड्ड्यात उभे केले असेल, तर ते प्रेम राहत नाही. ज्याची अब्रू गेली तो उत्तर द्यायला येऊ शकत नाही, आणि म्हणूनच त्याच्या वतीने विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पितृऋण आपण तर्पणाने फेडतो. पण पितरांनी करून ठेवलेला अन्यायही त्या ऋणाच्या खात्यातच आहे. वारसा घ्यायचा तर देण्यासह घ्यावा लागतो.

सत्याने पूर्वज लहान होतो, ही भीतीही व्यर्थ आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत सापडले. आपण घरच्या दारिद्र्यामुळे व कर्जामुळे, यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालो हे त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये उघड सांगितले. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या त्या पुस्तकाचा वाचक या कबुलीने त्यांना कमी लेखीत नाही. उलट त्याचा पुढच्या प्रत्येक ओळीवर विश्वास बसतो.

हे सारे मी नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाईंना सांगावे की नाही, यावर महिनाभर विचार केला. ही कहाणी मला त्यांनीच मांडीवर घेऊन सांगितली होती. शेवटी फारखत वाचून दाखविली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या आईला कोणी पाहिले, तर त्यानेच. जा, त्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन ये.”

मी गेलो. थोरल्या शाखेच्या घरी त्यांनी आपली वंशावळ उलगडली. आमच्याविषयी तेथे काय लिहिले असेल या धास्तीने मी बोट फिरवीत होतो. मूळ पुरुषाच्या नावापुढे एकच शब्द होता : ‘परागंदा’. दूषण नव्हते, तक्रार नव्हती. त्या नावाखाली मात्र थोडी जागा मोकळी ठेवलेली होती. घरच्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मी लेखणी मागितली.