उंबरठ्यापलीकडील मळ

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक जुनी रीत नव्या उत्साहानें परत येत आहे. न्हाणीघराच्या फळीवर रंगीत बाटल्यांच्या शेजारीं रिठ्याच्या काढ्याची बरणी दिसूं लागली आहे. तांब्याचीं भांडीं पुन्हां चिंचेनें घासलीं जातात. नळावरील पांढरे डाग व्हिनेगरनें काढावे असें कॉलेजांतल्या मुली आपल्या आयांना सांगतात. या हौशीची थट्टा करणें सोपें आहे. आम्हांस मात्र तिच्यांत एक खरा नैतिक प्रश्न दिसतो: आपल्या स्वच्छतेची जबाबदारी आपल्या उंबरठ्याशीं संपते काय?

मळ नाहींसा झाला असें आपण म्हणतों. वास्तविक पाहतां तो फक्त जागा बदलतो. साबणाच्या रेणूचें एक टोंक तेलाला धरतें व दुसरें पाण्याला, आणि चिकटलेली घाण सुटून मोरींतून वाहून जाते. मोरीच्या पुढें काय, हें विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याच्या कृत्रिम पावडरी पाश्चात्त्य देशांत घरोघर पसरल्या, तेव्हां त्यांतील मुख्य द्रव्याची रचना फांद्याफांद्यांची असल्यामुळें पाण्यांतील सूक्ष्म जंतूंना तें पचेना, आणि नद्यांवर फेंसाचे ढीग तरंगूं लागले. जर्मनीनें १९६१ सालीं याविरुद्ध कायदा केला. अमेरिकेंतील कारखानदार १९६५ पर्यंत सरळ रचनेच्या, लवकर विघटन पावणाऱ्या द्रव्याकडे वळले. फॉस्फेटची गोष्ट निराळी नाहीं. पाणी मृदु व्हावें म्हणून घातलेलें तें द्रव्य तळ्यांत जाऊन शेवाळाचें खत होतें. शेवाळ माजतें, मरतें, कुजतें, आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. सांडपाण्यानें भरलेल्या बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावाचा फेंस २०१५ सालीं रस्त्यावर आला, आणि त्याच वर्षीं तो तलाव पेटलाहि. त्या सांडपाण्यांत किती शुभ्र सदरे होते, हें कोणी मोजलें नाहीं.

मग घरीं केलेलें तें सारें निर्दोष, असें समजावयाचें काय? येथें आम्हांस सावध राहावेंसें वाटतें. रिठ्याच्या टरफलांत सॅपोनिन असतें, म्हणून त्याला फेंस येतो. लोंकर व रेशीम यांना तो सौम्य पडतो. लांकडाच्या राखेंतील क्षार तेलकटपणा उचलतो. चिंचेंतील आम्लानें तांब्यावरील काळपट थर विरघळतो. येथवर आजीबाईंचें शास्त्र अगदीं बरोबर आहे. परंतु व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतून तें फसफसतांना पाहून जे हर्षित होतात, त्यांना इतकेंच सांगावयाचें कीं, आम्ल व क्षार तेथें एकमेकांना संपवीत असतात, व मागें बहुतेक खारट पाणीच उरतें. लिंबानें संगमरवरी फरशी खाल्ली जाते. ब्लीचिंग पावडरींत आम्ल मिसळल्यास तर क्लोरीनचा विषारी वायु सुटतो. तो प्रयोग कोणीहि करूं नये. आणि ज्या रिठ्याचें आपण एवढें कौतुक करतों, तोच कुटून पाण्यांत टाकून मासे पकडण्याची रीत कित्येक ठिकाणीं होती, कारण सॅपोनिन माशांना घातक असतें. झाडाला लागलें म्हणून कांहीं निष्पाप ठरत नाहीं.

तरीहि रिठ्याच्या बरणीच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. तिच्यांत काय आहे हें करणाऱ्याला ठाऊक असतें. शिवाय रिठे फोडून, रात्रभर भिजवून, उकळून, गाळून जेमतेम वाटीभर काढा मिळविलेला मनुष्य तो हात राखून वापरतो. बाटलीचें बूच उघडणाऱ्याला तेवढा विवेक सुचत नाहीं.

पण हे कष्ट कोणाचे? रिठा पावडरीइतक्या झटपट काम करीत नाहीं; राखेनें भांडें लखलखावयाचें तर मनगट दुखेपर्यंत घासावें लागतें; चिंच आणि लिंबू बोटांच्या चिरांत झोंबतात. आणि घासणारी बहुधा मोलकरीण असते. तळ्याच्या काळजीनें पावडर बंद करावयाची ती मालकिणीनें, आणि तिची किंमत द्यावयाची ती बाईच्या बोटांनीं, ही व्यवस्था आम्हांस न्यायाची वाटत नाहीं. पूर्वींच्या राखेनें घासलेल्या भांड्यांची स्तुति करणाऱ्यांत त्या काळच्या सुना फारशा आढळत नाहींत, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. घरांत असा पालट करावयाचा तर आधीं त्या बाईला विचारावें. वेळ अधिक लागला तर वेतन अधिक द्यावें. आणि तिनें फॉस्फेटविरहित साधा साबणच मागितला तर तो आणून द्यावा. त्यानें नदीचें जें नुकसान होईल तें थोडें, आणि माणसाचें तर वांचेलच.

आम्हांस वाटतें, तडजोड करावयाची ती झगमगाटाशीं. बाहेरून काळवंडलेल्या हंड्यांतील पाणी त्या काळेपणामुळें अस्वच्छ होत नाहीं, आणि रोज वापरल्या जाणाऱ्या फरशींत तोंड दिसलेंच पाहिजे असा कांहीं आरोग्याचा नियम नाहीं. दिवाळीला मात्र हंडा चकचकीत हवा असा घरांतील पुरुषांचा आग्रह असेल, तर आदल्या रात्रीं चिंच त्यांनींच भिजत घालावी. कोळ काढावयास पदवी लागत नाहीं.