आधी चेन बघ, मग मोबाईल

इकडे ये. गाडी स्टँडवर लाव, चावी काढ आणि तो मोबाईल खिशात ठेव. आता गिअर लिव्हरच्या टोकाला दोन बोटं लाव आणि वरखाली हलव. किती हललं? आतल्या शाफ्टला पत्ता लागायच्या आधी लिव्हर बोटाच्या पेराएवढं नुसतं हलतंय. जॉइंट झिजलाय, लॉकनट सैल आहे. रोज याच लिव्हरवर पाय ठेवतोस आणि तुला हे जाणवलं नाही? त्याच रॉडवर तू हजारो रुपयांचा क्विकशिफ्टर बसवलास, आणि रात्री जागून ॲपमध्ये आकडे फिरवतोयस. वर मलाच विचारतोस, सर, गिअर टाकताना खटका का बसतो?

आता चेन बघ. मागचं चाक हाताने सावकाश फिरव. एका जागी चेन ताणली जाते, अर्ध्या फेरीनंतर लोंबते. चेनस्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेत. क्विकशिफ्टरने इंजिनचा जोर क्षणभर तोडला की ही चेन ढिली पडते, जोर परत आला की झटक्याने ताणली जाते. तो धक्का चाकाच्या हबमधल्या रबरांना बसतो, स्प्रॉकेटला बसतो, उलटा गिअरबॉक्सपर्यंत जातो. तुला पायाला लागतो तो खटका यातला किती आणि गिअरचा किती, हे तू आज सांगू शकतोस का? नाही. मग आकडा कशाच्या आधारावर बदललास?

मला राग याचा आहे. चूक झाली याचा नाही, चुका इथे सगळेच करतात. न बघता हात घातलास, याचा आहे. तुझे वडील एचएएलमध्ये फिटर होते. १९६४ ला उभ्या राहिलेल्या या ओझरच्या कारखान्यात मिग बनली, मग सुखोई-३० बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क-१ए याच धावपट्टीवरून उडालं. टाउनशिपमध्ये वाढलास, घरात टॉर्क रेंच बघत मोठा झालास. काम संपल्यावर पाने मोजून जागेवर ठेवल्याशिवाय विमानावरून हात निघत नाही, हे तुला मी सांगायची गरज नाही. विचार वडिलांना, त्यांनी कधी दुसऱ्या विमानाचा आकडा या विमानावर टाकला होता का. आणि तू सेन्सरच्या रॉडचा नट अंदाजाने आवळलास.

क्विकशिफ्टर काय करतो ते नीट समजून घे, कारण तुला ते अजून समजलेलं नाही. तो गिअर बदलत नाही. गिअर तुझा पायच बदलतो. रॉडमधला सेन्सर पायाचा जोर ओळखतो, कंट्रोलरला कळवतो, आणि कंट्रोलर काही मिलिसेकंद ठिणगी नाहीतर पेट्रोल तोडतो, त्यालाच कट म्हणतात. एवढंच त्याचं काम. त्या क्षणात इंजिनचा ताण उतरतो, गिअरच्या कडेचे दात, म्हणजे डॉग, एकमेकांना आवळून धरायचं सोडतात आणि फोर्कला गिअर सरकवायला वाट मिळते. ताण उतरायच्या आत ठिणगी परत आली तर डॉगच्या कडा एकमेकींवर आपटतात. फार उशिरा आली तर गाडी नाक खाली टाकते आणि मग पुढे हिसका देते. या दोन टोकांच्या मध्ये जागा अगदी थोडी आहे, आणि ती प्रत्येक गिअरला वेगळी आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गिअर ड्रमला न्यूट्रल ओलांडावं लागतं, आरपीएमही सगळ्यात जास्त पडतात, म्हणून तिथे वेळ जास्त लागतो. पाचव्यातून सहाव्यात उडी लहान, वेळही कमी. तू सहाही गिअरना कटच्या वेळेचा एकच आकडा दिलास.

आणि तो आकडा तरी कुठला? मित्राच्या गाडीचा. त्याची गाडी ६०० सीसीची, चार सिलिंडरची. तुझी ३९० ड्यूक, एका सिलिंडरची. वही काढ आणि गणित मांड. चार स्ट्रोकचा एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. ४,००० आरपीएमला सेकंदाला साधारण ६७ फेऱ्या, म्हणजे ३३ वेळा पेटणं. दोन ठिणग्यांत ३० मिलिसेकंदांचं अंतर. ८,००० ला हेच अंतर १५. आता मित्राची गाडी १२,००० ला घे. तिथे दर अडीच मिलिसेकंदांनी कुठला ना कुठला सिलिंडर पेटतो. त्याने कट ५ मिलिसेकंदांनी कमी केला की दोन ठिणग्यांचा फरक पडतो आणि तो पायाला कळतो. तुझ्या गाडीत ४,००० ला ५० मिलिसेकंदांच्या कटमध्ये कधी एक ठिणगी गळते, कधी दोन. एकदा मऊ जातो, एकदा कडक जातो, आणि तू सेन्सर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडून आलास. सेन्सर ठीक आहे. एका सिलिंडरची गाडी खालच्या आरपीएमला अशीच वागणार. तिथे क्लच दाबायचा. गल्लीत, सिग्नलवर, दहाव्या मैलाच्या गर्दीत क्विकशिफ्टर वापरायचं काही कारण नाही.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. गिअर खाली टाकताना तू क्लच दाबत नाहीस, हे मी काल गेटपासून ऐकलं. कुणी सांगितलं तुला की हा डबा खाली पण चालतो? खालच्या गिअरमध्ये जाताना इंजिनचे आरपीएम वाढावे लागतात, म्हणजे कुणीतरी थ्रॉटल उघडायला हवं. चाकणला बनलेल्या २०२० च्या बीएस-६ ड्यूकमध्ये ते काम कंपनीचा ईसीयू करतो, कारण तिचा थ्रॉटल तारेने नाही, विजेच्या मोटरने उघडतो. तुझी ड्यूक २०१३ ची, पहिल्या पिढीची. तिला थ्रॉटल केबल आहे. ती केबल तुझ्या मनगटाशिवाय कोण ओढणार? यामाहाने २०२१ मध्ये आर१५ व्ही४ आणली तेव्हा तिला क्विकशिफ्टर दिला तो फक्त वर चढवण्यापुरता. एवढ्या मोठ्या कंपनीने जिथे हात आखडता घेतला तिथे तू पाय आपटून काम भागवतोस. मागचं चाक क्षणभर अडकतं ना वळणावर? तुला मजा वाटते. पाऊस पडलेला असेल, रस्त्यावर द्राक्षाच्या ट्रॅक्टरमधून सांडलेला चिखल असेल, तेव्हा तेच चाक तुला आडवं करील.

तेल काढ. इंजिन गरम असताना काढ, आणि पांढऱ्या फडक्यातून गाळ. हे बघ, उन्हात धर. बारीक चमक दिसते ती चालेल, जुन्या इंजिनात ती थोडी असते. पण हा तुकडा बघ, नखाच्या कडेसारखा, एका बाजूने गुळगुळीत आणि एका बाजूने तुटलेला. हा डॉगचा कोपरा आहे. दुसरा गिअर लागून परत सुटतो म्हणतोस, तो यामुळे. डॉगची कड गोल झाली की जोर आल्यावर गिअर स्वतःहून बाहेर पडतो, फोर्कवर ताण येतो, फोर्क वाकतो. आता ॲपमधला कुठलाही आकडा हे भरून काढणार नाही. इंजिन उतरवून खोलावं लागेल. क्रँककेस उघडल्याशिवाय त्या गिअरला हात लागत नाही. खर्च क्विकशिफ्टरपेक्षा जास्त येईल, आणि तो वडिलांच्या पेन्शनमधून मागायचा नाही.

सायलेन्सरमधून येणारा फटाक्याचा आवाज तुला आवडतो, हेही मला माहीत आहे. कंट्रोलरमध्ये पेट्रोल तोडायची सोय असताना तू मुद्दाम फक्त ठिणगी तोडायची निवडलीस, त्या आवाजासाठी. ठिणगी बंद आणि पेट्रोल चालू म्हणजे न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तो त्या उष्णतेने जळतो. शाळेसमोरून तो आवाज काढत जातोस, लहान मुलं दचकतात. हे आजपासून बंद. इथे मी विनंती करत नाही.

आणि सेटिंग तू करतोस कधी? पहाटे सहाला, डिसेंबरात, पायात चप्पल घालून. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला ते रोज पेपरात येतं, आणि त्याच थंडीत तू गाडी सुरू करून लगेच हायवेला लागतोस. तेल जाड असतं, क्लच नीट सुटत नाही, गिअर सगळे कडक वाटतात. त्या कडकपणावर तू जो आकडा बसवतोस तो दुपारी चुकतो. चपलेतल्या पायाचा जोर वेगळा, बुटातल्या पायाचा वेगळा. सेन्सरची संवेदनशीलता चपलेवर ठरवलीस, मग बूट घालून नुसता पाय टेकला तरी कट लागतो आणि मागून ट्रक येत असताना गाडी अडखळते. बूट घाल. रोज तोच बूट घाल. लिव्हरवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय तर आधी मोड. पाय लिव्हरखालून काढायचा, गिअर टाकायच्या क्षणी एकदाच ठामपणे उचलायचा, आणि लगेच सोडायचा. अर्धवट दाबून ठेवलेल्या लिव्हरवर जगातला कुठलाही क्विकशिफ्टर नीट चालत नाही.

तू करायला हवं होतंस ते आता ऐक. आधी लिंकेज. रॉड आणि दोन्ही आर्म यांच्यात साधारण काटकोन हवा, लिव्हरच्या मधल्या जागेला. तुझा सेन्सरवाला रॉड मूळ रॉडपेक्षा लांब आहे, म्हणून कोन बिघडलाय आणि पायाचा निम्मा जोर वाया जातोय. मग चेन आणि स्प्रॉकेट, दोन्ही एकदम बदलायचे, एक नवीन एक जुनं करायचं नाही. मग क्लचचा प्ले. मग तेल, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं. त्यानंतर क्विकशिफ्टर बंद ठेवून आठवडाभर गाडी चालव, क्लचवर गिअर सुरळीत जातात का बघ. क्लचवर अडकणारा गिअर क्विकशिफ्टरवर अडकणारच.

एवढं झाल्यावर आकडे. स्टँडवर चाक मोकळं फिरवून सेटिंग करू नकोस, चाकावर भार नसेल तर सगळे गिअर गोड वाटतात. डायनोवर कर, आणि ते जमत नसेल तर दुपारच्या मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचीच चाचणी घे. हायवेवर पिंपळगावच्या टोमॅटोच्या गाड्यांमधून सहावा गिअर तपासायचा नाही. सुरुवात जास्त वेळाच्या कटने कर, म्हणजे डॉगला मार बसत नाही. मग १० मिलिसेकंदांनी कमी कर. गिअर कडक वाटायला लागला की एक पायरी मागे ये आणि तिथे थांब. एका वेळी एकच गोष्ट बदल. कट बदललास तर संवेदनशीलतेला हात लावू नकोस. दोन शिफ्टमधला विराम शेवटी बघायचा, कारण तो फार कमी ठेवलास तर पाय लिव्हरवरून निघायच्या आत दुसरा कट लागतो.

मोबाईलवर लिहू नकोस. वही आण, आडव्या रेघांची. तारीख, तेलाचं वय, चेनचा सैलपणा, गिअर, आरपीएम, कट, आणि शेवटी पायाला काय वाटलं ते एका ओळीत. "मस्त" असं लिहिलेलं मला चालणार नाही. कडक, मऊ, सुटला, हिसका, यातलं जे असेल ते लिही.

सोमवारी गाडी सुरू न करता वर्कशॉपमध्ये घेऊन ये. इंजिन मी बघत असताना तू खोलायचंस, प्रत्येक शिम ट्रेमध्ये काढल्या क्रमाने मांडायचास, आणि दुसऱ्या गिअरचे डॉग भिंगाखाली धरून मला त्यांचं चित्र काढून दाखवायचंस. क्विकशिफ्टरचा कंट्रोलर आत्ताच सोडव आणि इथे टेबलावर ठेव. वहीची पहिली दहा पानं भरली की परत मिळेल.