जेवणाचं टेबल

ताई : ‘यंग शेल्डन’चे सातही सीझन संपवलेस म्हणे. आणि तेव्हापासून लेकाच्या क्लासवरून घरात वाद चाललाय.

मी : वाद आधीपासूनचाच. मालिकेने त्याला तोंड फोडलं, एवढंच. नऊ वर्षांचा शेल्डन हायस्कूलमध्ये थेट थोरल्या भावाच्या वर्गात जाऊन बसतो. आपण शेल्डनकडे बघून हसतो. त्या जॉर्जीला काय वाटलं असेल?

ताई : म्हणून शेल्डनला वयाच्या वर्गात डांबून ठेवायचं? तुझा लेक सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा पार करून प्रकल्पापर्यंत आलाय. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञानप्रबोधिनी काढली ती अशाच मुलांसाठी, त्यांची बुद्धी समाजाच्या कामी यावी म्हणून. ही मुलं कोमेजली तर नुकसान सगळ्यांचंच.

मी : पटतं. पण प्रबोधिनीची प्रशाला चाचणी घेऊन मुलं निवडते. आपल्या घरात दोघंही परीक्षा न देताच आलीत. सध्या जेवणाच्या टेबलावर त्याच्या कुंड्या, फूटपट्टी, तक्ते. लेक ओट्याच्या कोपऱ्यावर वही ठेवून उभ्याने गृहपाठ करते. कुकर शिट्टीला आला की वही उचलते. तिला कुणी सांगितलं नाही गं, आपणहून जागा सोडली तिने. शनिवारी मी त्याला कासारवडवलीहून स्कूटरवर नौपाड्याला क्लासला नेते. मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडीलाच जीव मेटाकुटीला येतो. तिचं पोहणं तेव्हापासून बंद.

ताई : तिच्यातही काही गुण असेलच. शेल्डनची जुळी बहीण, ती मिसी, तिला नाही का त्याच्यापेक्षा माणसं जास्त कळतात?

मी : हेच मला खुपतं, ताई. काही खास आहे म्हणूनच मिसीकडे बघायचं? आणि नसेल तर? माझी लेक पोहण्यात पदकं आणणार नाही. तिला पाण्यात बरं वाटतं, बस. तेवढ्यावर तिला आईचा शनिवार मिळू नये?

ताई : शनिवार एकच असतो. त्याला आत्ता गरज आहे. तिला पुढच्या वर्षी दे.

मी : मिसीच्या आईनेही असंच पुढे ढकललं असणार. सहाव्या सीझनमध्ये पोरगी वडिलांचा ट्रक घेऊन निघून जाते, तेव्हा कुठे घर तिच्याकडे वळून बघतं.

ताई : आणि लेकाचं पदक हुकलं तर? मोठेपणी विचारेल, आई, तेव्हा मागे का खेचलंस?

मी : विचारेल. त्याला काय सांगायचं, मला सुचत नाही. पण लेकीने कधी काही विचारलंच नाही, तर त्याची मला जास्त भीती वाटते.

ताई : मग ठरलं काय?

मी : महिन्यातले दोन शनिवार पोहणं. त्या दिवशी तो बाबांबरोबर टीएमटीने जाईल, उशीर झाला तर होईल. आणि कुंड्या बाल्कनीत. तर म्हणाला, तिथे ऊन जास्त आहे, प्रयोग बिघडेल.

ताई : खरंच बिघडेल?

मी : हो. पुन्हा बी पेरण्यापासून सुरुवात करावी लागेल त्याला.