घ्यावें केव्हां?

प्रश्न लहान आहे, पण त्यानें माझ्या घरांत चार वर्षें मुक्काम केला, म्हणून त्याविषयीं लिहावेंसें वाटतें. संगणकावर खेळ खेळण्यासाठीं लागणारें ग्राफिक्स कार्ड केव्हां घ्यावें, आणि कोणतें? यवतमाळसारख्या कापसाच्या गांवीं तत्त्वचिंतनास दुसरा विषय मिळाला नाहीं काय, असें एखादा वाचक विचारील. त्यास माझें उत्तर असें, कीं हा प्रश्न आमच्या जिल्ह्यास कार्डाच्या फार आधींपासून ठाऊक आहे. फक्त येथें तो ‘थांबावें कीं विकावें’ अशा रूपानें येतो.

माझा पुतण्या शिक्षणासाठीं माझ्याकडे राहत असे. २०२१ सालीं तो बारावी झाला. (त्या वर्षीं परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळें ‘उत्तीर्ण’ हा शब्द मी जपून वापरतों.) निकालाच्या दिवशीं मीं त्यास कार्ड घेऊन देण्याचें वचन दिलें. हें कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र क्षणोक्षणीं रेखाटणारा स्वतंत्र गणकच. चित्राचें काम तें हजारों लहान गणकांत वांटून एकाच वेळीं उरकतें. रात्रीं जेवणें झाल्यावर तो आणि त्याचे तीन शाळूसोबती आपापल्या घरून एकत्र खेळत. इतरांकडे कार्डें होतीं. याच्या पडद्यावर मात्र शत्रु येई तो तुटक तुटक, आणि बहुधा हा पडल्यावरच त्यास दिसे.

त्या वर्षीं बाजाराची स्थिति विपरीत होती. एनव्हिडिया कंपनीनें फेब्रुवारींत काढलेल्या ३०६० या कार्डाची घोषित किंमत ३२९ डॉलर. दुकानांत तें दुपटीच्या आसपास विकलें जात होतें. चिपांचा तुटवडा होता, आणि इथेरियम नांवाचें आभासी नाणें ‘खणणारे’ लोक तींच कार्डें ढिगानें उचलीत होते. मी म्हणालों, थांब. तें शहाणपणाचेंच होतें. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरियमनें आपली पद्धत बदलली, त्या खाणकामास कार्डांची गरज उरली नाहीं. पण आतां पुढल्याच महिन्यांत नवी पिढी येणार होती. तेव्हां पुन्हां, थांब. ऑक्टोबरांत ४०९० आलें. किंमत १५९९ डॉलर, वीज ४५० वॅटपर्यंत! आमच्या गांवच्या मे महिन्यांत तें चालविणें म्हणजे खोलींत शेगडी पेटविणें. आमच्या ऐपतींतलें ४०६० जून २०२३ मध्यें निघालें, तर त्याची मेमरी ८ गिगाबाइट, म्हणजे मागल्या ३०६० च्या १२ हून कमी. या वेळीं मीं जवळजवळ निषेध म्हणून थांबावयास सांगितलें.

प्रत्येक वेळीं माझें कारण बरोबर होतें, हें मला आजही नाकारतां येत नाहीं. गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालीं भाकीत केलें, कीं एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या ठराविक काळानें दुप्पट होत जाईल. असें भाकीत खरें ठरत असतां थांबणाऱ्यास नेहमींच बक्षीस मिळतें. पण जें बक्षीस रोज मिळतें तें रोजच थांबण्यास भाग पाडतें, आणि घेण्याचा दिवस उगवतच नाहीं. आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर रुळावरील शकुंतला गाडीचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टरांत बनलें आणि १९९४ पर्यंत गाडी ओढीत होतें. तें घेणाऱ्यास ‘पुढल्या वर्षीं याहून बरें निघेल’ ही चिंता पडली असेल, असें वाटत नाहीं.

आतां कापसाकडे वळतों. २०२१-२२ च्या हंगामांत कापूस क्विंटलास दहा हजारांच्या वर गेला होता. पुढल्या हंगामांत भाव आठ-साडेआठ हजारांवर असतां थोरल्या भावानीं मला विचारलें, देऊन टाकावा काय? मी म्हणालों, ‘दादा, थोडें थांबा.’ वऱ्हाडांत अनेकांनीं तेंच केलें. त्यांच्या पुढल्या खोलींत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. तो वाळून वजन घटूं लागलें. वहिनींच्या अंगास खाज सुटली. पाहुणा आल्यास ओसरीवर निजवावें लागे. पेरणी तोंडावर आली तेव्हां भाव सात हजारांच्या आसपास होता, आणि बियाण्यासाठीं त्याच भावानें विकावें लागलें. दादा मला एका शब्दानेंही बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानें (त्यांस १९७८ चें नोबेल मिळालें) असें मांडलें आहे, कीं मनुष्य सर्वोत्तमाचा शोध करीत बसत नाहीं. ‘एवढें पुरे’ अशी एक रेषा आंखून तिला प्रथम पोंचेल तें घेतो. हा विचार मी वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला, आणि घरीं त्यास एकदांही बोलाविलें नाहीं. आमची रेषा तर सोपी होती: पुतण्याचा पडदा १०८० ओळींचा, त्यापलीकडचें कार्ड त्यास व्यर्थच. तरीही मी थांबत राहिलों, याचें कारण मेमरींत नव्हतें. थांबण्याची किंमत मला पडत नव्हती. कापूस माझ्या खोलींत नव्हता, आणि कार्डाचे पैसे बँकेंत व्याज मिळवीत होते. वचन मोडलें असेंही कोणास म्हणतां येत नव्हतें. दुसऱ्याच्या खर्चानें बाळगलेल्या संयमास संयम म्हणावें काय?

कोणी म्हणतील, खेळच तो. चार वर्षें उशीर झाला तर काय बुडालें? मीही असेंच म्हणत असें. परंतु ते चौघे मित्र २०२५ पर्यंत चार गांवीं पांगले. एकाचें लग्नही ठरलें. कार्ड स्वस्त होण्याची वाट पाहतां येते. रात्रीं दहाला चौघांनीं मोकळें असण्याची वाट कशी पाहावी? ययातीनें पुत्राचें तारुण्य निदान उघड मागून घेतलें आणि भोगिलें. आम्ही वडील मंडळी तें ‘थांब’ या एका शब्दानें घेतों, आणि तें आमच्याही उपयोगी पडत नाहीं.

गेल्या वर्षीं, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यांत, पुतण्यास पुण्यास नोकरी लागली तेव्हां मीं वचनाचे पैसे पाठविले. कोणतें घे, हें सांगितलें नाहीं. त्यानें इंटेलचें बी ५८० घेतलें, १२ गिगाबाइटांचें. रविवारीं रात्रीं आतां दोघे खेळतात, कधीं तिसराही येतो. माझ्या मतें थोडे पैसे घालून १६ गिगाबाइटांचें घ्यावयास हवें होतें. तें मीं त्यास अद्याप कळविलेलें नाहीं.