मागल्या जन्मीचे भोग नव्हेत



चुलीपाशी खोकणारी एखादी आई आपल्या बहुतेक वस्त्यांत आहे. गोवऱ्या आणि ओली लाकडे फुंकण्यात तिचा जन्म गेला. कोणाचे वडील दगडखाणीच्या धुळीत राबले, कोणी बिडीवर भूक मारली. आता कळशी उचलली तरी धाप लागते. डॉक्टर अशा रोगाला बहुधा सीओपीडी म्हणतात. तो समूळ जात नाही, पण आवरता येतो.

शेजारीण म्हणते, "मागल्या जन्मीचे भोग!" दीक्षा घेतली, देव्हारा गेला, पण हे वाक्य घरात राहून गेले. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना नेमके हेच विचारले होते : माणूस जे सोसतो ते सारे पूर्वकर्माचेच फळ काय? तथागतांनी ते मानले नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात यांनीही वेदना होतात आणि हे ज्याचे त्याला कळते, असे त्यांनी सांगितले. संयुत्त निकायात हा संवाद आहे. बाबासाहेबांनीही 'द बुद्धा अँड हिज धम्म' (1957) या ग्रंथात गतकर्माचा सिद्धान्त बुद्धाचा नव्हे, असे बजावले. गरिबांच्या हालाची जबाबदारी झटकायला तो फार सोयीचा आहे!

तेव्हा कारण शोधा. गॅसची टाकी दर वेळी भरणे परवडत नसेल तर चूल उघड्यावर न्या, लाकूड वाळवून वापरा. पण आजारी माणसाला फुंकायला बसवू नका. बिडी तर सुटलीच पाहिजे. आज सोडली तरी फुफ्फुसाची पुढची झीज मंदावते. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. क्षय निघाला तर उपचार मोफत आहेत.

अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही कथा आपण ऐकतो. त्याच प्रसंगी चांगला आजारी कोण हेही विनयात सांगितले आहे. तो औषध घेतो, खाण्यात मात्रा राखतो आणि सेवा करणाऱ्यापासून दुखणे लपवत नाही. आपल्या आया नेमके हेच लपवतात. "काही नाही रे, जरा दम लागला," म्हणतात आणि डॉक्टरने दिलेला पंप पाहुण्यांदेखत पदराआड धरतात. पंपाची सवय लागते हा समज खोटा आहे. औषध थेट छातीत जाते, म्हणून ते थोडे पुरते. पंप कसा ओढायचा ते दवाखान्यात करून दाखवायला सांगा. नंतर चूळ भरायला विसरू नका. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.

धाप लागली की बसावे, पुढे वाकून कोपर मांडीवर टेकावे. नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून तो सावकाश सोडावा. आंघोळ पाटावर बसून करावी. पोटभर एकदा जेवण्यापेक्षा थोडे थोडे खावे. झेपेल तेवढे रोज चालावे. घाबरून खाटेला खिळलेला माणूस लवकर खचतो.

आनापानसतीत श्वास कोंडायचा नसतो. लांब श्वास लांब आहे, आखूड श्वास आखूड आहे, एवढे जाणायचे. आखूड श्वासवाल्यालाही ते साधते. मात्र ती पंपाच्या जागी नाही. ओठ निळे पडले, बोलता येईना, तर ध्यान नको, दवाखाना गाठा.

आणि विहारात वंदनेला दारे लावून जुड्याच्या जुड्या अगरबत्त्या पेटवणे थांबवा. फुले पुरेत. त्रिशरण म्हणताना आईचा श्वास तुटला तर बाकीच्यांनी थांबावे, तिचे पद पूर्ण होऊ द्यावे.