पळालेल्या पोरांचा हिशेब

कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखानदाराशी शिकाऊ उमेदवारांचा विषय काढला, की तिसऱ्या वाक्याला ठरलेली तक्रार येते : आम्ही शिकवायचं आणि पुण्यानं न्यायचं. दोन वर्षं पोराला मशिनवर उभं करायचं, त्यानं मोडलेली टुलं आणि बाद केलेले जॉब पोटात घालायचे, आणि हात बसला की त्यानं चाकणची वाट धरायची. मग शिकवायचं कशाला?

अलीकडे या तक्रारीला एका सरकारी योजनेनं जोर आणला. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत आधी सहा महिने होती, पुढं ती अकरा झाली. विद्यावेतन सगळं सरकारचं. लोक तिला ‘लाडका भाऊ’ म्हणू लागले. मुदत संपत आली तसे प्रशिक्षणार्थी ‘आम्हाला कायम करा’ म्हणून रस्त्यावर उतरले, आणि कारखानदारांमध्ये एक निष्कर्ष फिरू लागला. शिकाऊ उमेदवार ठेवणं ही उद्योगांवर लादलेली समाजसेवा आहे, सरकारला पोरं सांभाळायची असतील तर ती सरकारनं सांभाळावीत, असा तो निष्कर्ष. जबाबदार माणसांच्या तोंडून तो मी ऐकला आहे. तो मला मान्य नाही.

तक्रार करणाऱ्यांनी वाचला नसेल, पण त्यांच्या म्हणण्यामागे एक भारदस्त सिद्धान्त आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचं ‘ह्यूमन कॅपिटल’ १९६४ साली आलं, १९९२ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कामावरचं शिक्षण दोन जातींचं. एक, जे फक्त याच कारखान्यात उपयोगी पडतं. दुसरं, जे कुठंही चालतं : वेल्डिंग, लेथ, सीएनसीचं सेटिंग. पहिल्यावर मालक पैसे घालेल. दुसऱ्यावर घालणार नाही, कारण शिकलेल्या माणसाला बाजारभावानं पगार द्यावा लागतो आणि न दिला तर शेजारचा कारखाना देतो. म्हणजे कुठंही चालणाऱ्या कौशल्याचा खर्च शेवटी शिकणाऱ्यानंच, कमी पगार घेऊन, सोसायचा. ‘पोरगं पळतं’ या दोन शब्दांची ही शास्त्रशुद्ध मांडणी झाली.

या मांडणीतला कारखानदार एकटा आहे. त्याला शेजारी आहेत ते फक्त माणूस पळवण्यापुरते. त्याला गाव नाही, पुरवठादार नाहीत, कास्टिंग मशिनिंगला पाठवायचं तर शेजारी वर्कशॉप लागतं याची फिकीर नाही. खरा कारखाना असा उभा नसतो.

फाउंड्रीतली वाळू घ्या. ओल्या वाळूच्या साच्यात पाणी, बेंटोनाइट आणि कोळशाची पूड यांचं प्रमाण सांभाळावं लागतं. पाणी जास्त झालं तर ओतलेल्या लोखंडात वायू अडकून पोकळ्या, म्हणजे ब्लो होल, राहतात, कमी झालं तर साचा ढासळतो. पावसाळ्यात हे गणित रोज बदलतं. प्रयोगशाळेत वाळू तपासता येते आणि तपासावीच, पण दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात वाळू मुठीत दाबून, मोडून पाहणारा मोल्डरच तिथं असतो. त्याची मूठ चुकली तर ब्लो होल कित्येकदा मशिनिंग होईपर्यंत दिसत नाही. तोवर ओतण्याची वीज, फेटलिंगची, म्हणजे ओतीव मालाच्या साफसफाईची, मजुरी आणि मशिनचे तास सगळे खर्ची पडलेले असतात. समजा, महिन्याला ५०० टन ओतणाऱ्या फाउंड्रीचं रिजेक्शन ६ टक्क्यांवरून ५ वर आलं. ५ टन माल वाचला. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज जाते, म्हणजे नुसत्या वितळवण्याचीच ३ हजार युनिटं वाचली, आणि तीही दर महिन्याला. शिकाऊ पोराच्या नावावर खर्च मांडणाऱ्या वहीत हा आकडा कुठंच नसतो. तो कारखान्याच्या सरासरीत मुरून जातो आणि मालक म्हणतो, शिकवण्यात काही मिळालं नाही.

ज्यांनी हा हिशेब सरळ मांडला, त्यांची उत्तरं वेगळी आली. स्वित्झर्लंडमधल्या पाहण्यांत आढळलं, की बहुसंख्य कंपन्यांचा शिकवण्याचा खर्च शिकाऊ काळातल्या कामातूनच भरून निघतो. जर्मनीत सरासरी कंपनीला त्या काळात तोटा होतो, तरीही कंपन्या शिकवतात, कारण पुढं बाहेरून अनोळखी माणूस आणण्याचा, त्याला रुळवण्याचा आणि तो चुकीचा निघण्याचा खर्च वाचतो.

आता पळालेल्या पोरांकडे वळू. पिंपरी-चिंचवडचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. टेल्को आणि बजाजसारख्या मोठ्या कारखान्यांत शिकलेली, तिथं वर्षानुवर्षं राबलेली माणसं बाहेर पडली आणि भोसरीच्या शेडांमध्ये दोन-दोन मशिनं टाकून बसली. मोठ्या कारखान्याच्या वहीत ती गेलेली माणसं होती. प्रत्यक्षात त्यांतले अनेक जण त्याच मोठ्या उद्योगांना सुटे भाग पुरवू लागले. ड्रॉइंग वाचता येणारा, मायक्रोमीटरची भाषा कळणारा, मुदत म्हणजे काय हे आत राहून शिकलेला पुरवठादार कोणत्या जाहिरातीनं मिळतो? कोल्हापूरच्या उद्यमनगरातही वर्कशॉपच्या ओळी अशाच वाढल्या. कामगारानं एक लेथ घेतला आणि जुन्या मालकाचंच जॉबवर्क करायला लागला.

आल्फ्रेड मार्शलनं १८९० साली हे लिहून ठेवलं होतं. एकाच धंद्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी राहिले, की त्या धंद्याचं ज्ञान कुणा एकाच्या मालकीचं राहत नाही, ते त्या जागेचंच होतं आणि पोरं ते नकळत उचलतात, असा त्याचा आशय. अर्थशास्त्रातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. इचलकरंजीत माग बिघडला तर दुरुस्तीला माणूस शोधत फिरावं लागत नाही. हा फायदा तिथल्या प्रत्येक मालकाच्या नफ्यात शिरलेला आहे, आणि तो निर्माण झाला माणसं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेल्यामुळं. पोरं पळाली नसती तर ही गावं औद्योगिक गावं झालीच नसती. एका कारखान्यापुरता बेकर बरोबर असेल, गावाच्या बाबतीत तो चुकला आहे.

पण या युक्तिवादाच्या पोटात एक अडचण आहे. मालकाचा हा फायदा नेमका कुणाच्या खिशातून येतो?

ॲडम स्मिथनं १७७६ सालीच यावर बोट ठेवलं होतं. इंग्लंडमधल्या सात वर्षांच्या सक्तीच्या उमेदवारीवर तो तुटून पडला. बहुतेक कामं शिकायला इतका काळ लागतच नाही, आणि उमेदवारी मोडली तर तोटा मालकाचा होईल, कारण सात वर्षं वाचवलेली मजुरी त्याला द्यावी लागेल, असं त्यानं बजावलं. दोनशे वर्षांनंतर दारोन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के या अर्थशास्त्रज्ञांनी हाच धागा बेकरविरुद्ध वापरला. जर्मन कंपन्या कुठंही चालणाऱ्या कौशल्यावरही पैसे घालतात, कारण शिकवणाऱ्या मालकाला त्या पोराची खरी कुवत कळलेली असते, बाहेरच्यांना नाही. त्यामुळं बाहेर त्याला पुरता भाव मिळत नाही आणि मधला फरक मालकाकडे राहतो. त्यांचा पुरावा मार्मिक होता. सक्तीच्या लष्करी सेवेमुळं ज्यांना कारखाना सोडावा लागला, त्यांना पुढं जास्त पगार मिळाला, कारण ते नालायक म्हणून सुटले असा संशय त्यांच्यावर कुणी घेऊ शकत नव्हतं.

याचा अर्थ बोचरा आहे. शिकवण्यातला मालकाचा फायदा काही अंशी कामगाराच्या अडकलेपणातून येतो. मग मी कारखानदारांना जे सांगतो आहे, की शिकवा, तुमच्याच फायद्याचं आहे, त्याचा अर्थ ‘अडकवा’ असा निघू शकतो. इथं मला माझं आधीचं म्हणणं पुरेसं वाटत नाही. मालकाच्या स्वार्थावर सगळं सोपवलं तर दोन प्रकार होतात. एक तर तो शिकवतो आणि प्रमाणपत्र अडवतो. नाहीतर तो शिकवतच नाही, शिकाऊ या नावाखाली हेल्पर वापरतो.

आपल्याकडे दुसरा प्रकार सर्रास आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानं उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेनं २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यायचे, आणि २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५ ते ९ हजार ठरवलं. कामगार नसलेला, स्वस्त आणि वर्षाला बदलता येणारा हात, असं या तरतुदींचं रूप एखाद्याला दिसलं तर त्याचं डोकं तिरकं आहे असं म्हणता येत नाही. दिवसभर लोडिंग-अनलोडिंग करून घेतलेल्या पोराला वर्षानं काय येतं? आणि त्याच्याकडून मालकाला तरी काय मिळालं? वाळूची मूठ बसली नाही, रिजेक्शन हललं नाही. थोडी मजुरी वाचली एवढंच.

असेमोग्लू-पिश्के यांचीच आणखी एक गोष्ट आपले लोक लक्षात घेत नाहीत. जिथं अकुशल माणसाचाही पगार वरच्या पातळीवर धरून ठेवलेला असतो, तिथं मालक शिकवायला लागतो, कारण महाग माणूस अडाणी ठेवणं त्याला परवडत नाही. जर्मनीत वेतनकरार आहेत, कामगार समित्या आहेत, आणि म्हणून प्रशिक्षण आहे. आपल्याकडे ठेकेदाराचा हेल्पर इतका स्वस्त आहे, की त्याला शिकवण्याची गरजच कुणाला वाटत नाही. कोल्हापूरच्या कारखानदाराचा खरा प्रतिस्पर्धी चाकण नाही. त्याच्याच गेटवर माणसं पुरवणारा ठेकेदार त्याच्या कारखान्यातलं कौशल्य वाढू देत नाही.

आणि नेमकी इथं सरकारी योजना उलटी पडते. ज्या हाताचा पैसा सरकार भरतं, तो हात मालकाला फुकट पडतो, आणि फुकट मिळालेल्या माणसाला शिकवण्यात कुणी आपला उत्तम मिस्त्री गुंतवत नाही. मालकाचे स्वतःचे पैसे त्यात असले पाहिजेत. अर्धे असोत, पण असले पाहिजेत.

सहा माणसांच्या वर्कशॉपला हे एकट्यानं झेपणार नाही, हे मात्र खरं. तिथं सेटर मशिन सोडून शिकवायला उभा राहिला तर त्या दिवसाचं डिस्पॅच अडतं. पण त्यावरचा उपाय शिकाऊ उमेदवारी कायद्यातच आहे. अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना आपापल्या कारखान्यांत फिरवत शिकवावं, अशी तरतूद त्यात आहे. पोरानं चार महिने पॅटर्न शॉपमध्ये, चार महिने फाउंड्रीत, चार महिने मशिन शॉपमध्ये काढावेत. कास्टिंगमध्ये मशिनिंगचा अलाउन्स का ठेवतात, हे त्याला तिन्ही ठिकाणी उभं राहिल्यावर समजेल, आणि असा माणूस तिघांनाही हवा असतो. औद्योगिक वसाहतींच्या संघटना वीजदर आणि रस्त्यांसाठी निवेदनं देतात, ती रास्तच आहेत. तेवढ्याच जोमानं त्यांनी हे काम हातात घ्यायला हवं.

योजनेचा पैसाही अशाच गटांना जावा, आणि तो निम्म्यापर्यंतच. अट एकच असावी : वर्षअखेर परीक्षा बाहेरच्या परीक्षकांनी घ्यायची. जर्मन कायद्यात परीक्षा मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येनं असतात, शिवाय व्यवसाय शाळेचा शिक्षक असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कारखानदाराला कामगार प्रतिनिधीची अट जाचक वाटेल, हे मी जाणतो. पण आज वर्षभर राबलेल्या पोराच्या प्रमाणपत्रावर पलीकडच्याच शेडमधला मालक विश्वास ठेवत नाही, आणि त्याला पुन्हा हेल्पर म्हणूनच कामावर घेतो.