ताकद कमावण्याचं वय

व्यायाम म्हटलं की आपल्याला सकाळचा फेरफटका आठवतो. तो हवाच, पण स्नायूंना थोडा भारही पेलावा लागतो.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. पुढे जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना जड जातो, तोल सुटतो. ही झीज भरून काढता येते, तीही कोणत्याही वयात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांतली ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली!

काम करणारा स्नायू रक्तातली साखर वापरतो, म्हणून मधुमेहात हा व्यायाम उपयोगी पडतो. भार पेलून हाडंही बळकट राहतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करायला सांगते. त्यासाठी जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, भिंतीला हात लावून जोर काढा, झेपेल तशा बैठका मारा. श्वास रोखू नका, भार हळूहळू वाढवा. हृदयविकार किंवा सांधेदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

उतारवयात आपलं आपण उठता यावं, नातवंडाला कडेवर घेता यावं, यासारखं स्वातंत्र्य नाही. ते कमवायला आजच सुरुवात करू या.